अंगावरची थैली

सकाळी आठच्या सुमारास बोरिवली स्थानकाच्या फलाटावर उभे राहून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. चर्चगेटकडे जाणारी गाडी येताना दिसली की सारी गर्दी एका क्षणात सावध होते. पाठीवरच्या पिशव्या फिरवून छातीवर घेतल्या जातात. डब्याची पिशवी मनगटात अडकते, छत्री काखेत जाते, वाचून झालेले वर्तमानपत्र घडी होऊन पिशवीत नाहीसे होते. ह्या हालचाली कोणी कोणाला शिकवीत नाही. रोजच्या प्रवासाने त्या अंगवळणी पडलेल्या असतात. त्या सर्वांचा हेतू एकच असतो. गाडीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. एका हाताने दाराजवळचा खांब धरावा लागतो आणि दुसऱ्याने गर्दीत तोल सांभाळावा लागतो. अशा वेळी एका हातात मोबाइल असेल, तर दोन हात असूनही माणूस एका हाताचा होऊन बसतो.

मोबाइल ही वस्तू तशी लहान. तिचे वजन साधारणपणे दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे एखाद्या पेरूइतके. परंतु ती ठेवावी कोठे, हा प्रश्न मात्र लहान नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, तर बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकताच ती बाहेर घरंगळते. विजारीच्या मागच्या खिशात ठेवली, तर ती धन्याच्या डोळ्यांआड आणि खिसेकापूच्या हाताजवळ राहते. शिवाय तिच्यासकट खाली बसले की काच तडकण्याची भीती असतेच. आणि हातातच ठेवली तर?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेत ‘फटका’ ह्या शब्दाला एक वेगळाच अर्थ आला आहे. चोर हातात काठी घेऊन रुळांच्या कडेला एखाद्या खांबाच्या आडोशाने उभा राहतो. जेथे गाडीचा वेग मंदावतो, अशीच जागा तो निवडतो. गाडीच्या दारात मोबाइल पाहत उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर काठी बसते, मोबाइल खाली पडतो आणि चोर तो उचलून पसार होतो. चोरीपेक्षाही भयंकर असते ती तिच्या पाठोपाठ घडणारी गोष्ट. हातातून वस्तू निसटली की ती झेलण्यासाठी शरीर आपोआप पुढे झेपावते. विचार करण्यास मनाला अवधीच मिळत नाही. ह्या एका झेपेपायी प्रवासी धावत्या गाडीतून खाली पडले आणि त्यांना हात किंवा पाय गमवावा लागला, असे प्रकार मुंबईत घडलेले आहेत. म्हणून मोबाइल अंगावर बाळगण्यासाठी कशी थैली निवडावी, हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे.

मोलाची वस्तू अंगावर बाळगून हात मोकळे कसे ठेवावे, हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. खिसा ही वस्तू आज सर्वत्र दिसते. परंतु धोतर, लुगडे, उपरणे ह्या वस्त्रांना खिसे नसत. तरीही माणसे बाजाराला जात, यात्रेला जात, आणि पैसा, पानसुपारी, अडकित्ता अशा वस्तू बरोबर नेत. धोतराच्या कमरेजवळच्या पिळ्यात नाणे खोचले की ते कनवटीला लागले. कनवट ही सर्वांत साधी थैली होय. तिला शिवण नाही, बटण नाही आणि किंमतही नाही. रक्कम मोठी असली तर कसा वापरीत. कसा म्हणजे कापडाची लांब, अरुंद पिशवी. तिच्यात नाणी भरून ती कमरेभोवती गुंडाळीत, तिच्या टोकांच्या बंदांनी गाठ मारीत आणि वरून अंगरखा घालीत. वाटेत चोर भेटला तरी कशाचा पत्ता त्याला सहजासहजी लागत नसे. चंचीची रचना ह्याहून चतुर होती. कापडाच्या एका लांबट पट्टीवर ओळीने कप्पे शिवलेले असत. एकात पाने, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात चुन्याची डबी. पट्टी गुंडाळून दोरी बांधली की सारे कप्पे आपोआप बंद होत. बटव्याच्या तोंडाशी दोन नाड्या ओवलेल्या असतात. त्या दोन बाजूंना ओढल्या की तोंडाला चुण्या पडून ते मिटते. आजीबाईचा बटवा औषधांसाठी प्रसिद्ध असला, तरी त्याचे खरे कौशल्य त्या दोन नाड्यांत आहे.

ह्यांपैकी पुष्कळ गोष्टी आज दिसेनाशा झाल्या आहेत. परंतु सगळ्याच नाहीत. अंधेरीच्या पश्चिमेस समुद्रकाठी वेसावे हे कोळ्यांचे जुने गाव आहे. तेथे मासळी विकणाऱ्या कोळणीचे हात ओले असतात, हातात कोयता असतो, समोर गिऱ्हाईक घाई करीत असते. पैशाची पिशवी तिला क्षणोक्षणी लागते, पण ती खाली ठेवून चालत नाही. म्हणून ती पिशवी कमरेला खोचलेली असते. ओल्या हाताने, न पाहता, चटकन काढता येईल आणि वाकले तरी पडणार नाही, अशी ती जागा आहे. कामाची गरज ओळखून थैलीची जागा ठरविणे म्हणजे काय, हे त्या पिशवीकडे पाहून समजते.

दूरच्या जपानातही हाच प्रश्न उभा राहिला होता. तेथील किमोनो नावाच्या पारंपरिक पोशाखाला आपल्याकडच्यासारखे खिसे नसतात. कमरेला मात्र ‘ओबी’ नावाचा रुंद पट्टा बांधलेला असतो. तेव्हा जपानी पुरुष आपली मोहोर किंवा औषधे ‘इन्रो’ नावाच्या लहानशा डबीत घालीत आणि ती रेशमी दोरीने ओबीला लटकावीत. दोरी पट्ट्याखालून वर काढून तिच्या टोकाला हस्तिदंताची किंवा लाकडाची कोरीव गोटी बांधीत. ती गोटी पट्ट्याच्या वरच्या कडेला अडकून राही, त्यामुळे डबी खाली सरकत नसे. ह्या गोटीला ‘नेत्सुके’ म्हणतात. आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत ही नेत्सुके कलावस्तू म्हणून मांडलेली आहेत. पण मुळात त्यांचे काम बटणाचेच. दोरीवरून सरकणारा एक मणीही असे आणि तो खाली ओढला की डबीचे कप्पे घट्ट मिटत. बटव्याची नाडी आणि इन्रोचा मणी यांचे काम एकच, हे पाहून मौज वाटते.

पुढे यंत्रे लहान होऊ लागली आणि ती अंगावर बाळगण्याची वेळ आली. त्यांत पहिला मान घड्याळाचा. साखळीचे घड्याळ बंडीच्या खिशात राहत असे आणि वेळ पाहायची तर ते बाहेर काढावे लागे. स्वस्थ बसलेल्या माणसाला त्यात काही अडचण नव्हती. परंतु ब्राझीलचा विमानोड्डाणकर्ता आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ ह्याचे दोन्ही हात उड्डाण करताना गुंतलेले असत. त्याने पॅरिसमधील आपला मित्र लुई कार्तिए ह्या जवाहिऱ्याला आपली अडचण सांगितली आणि १९०४ मध्ये कार्तिएने त्याच्यासाठी मनगटावर बांधण्याचे घड्याळ तयार केले. १९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धात सैनिकांनाही हीच अडचण जाणवली, आणि युद्धानंतर मनगटी घड्याळ सर्वत्र रूढ झाले. खिशातले घड्याळ मनगटावर आले ते हौसेने नव्हे, हातांना दुसरे काम होते म्हणून.

मोबाइलला मात्र हा मार्ग मोकळा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी हातात धरण्याच्या मोबाइलवरून पहिले संभाषण केले, तेव्हा त्या यंत्राचे वजन सुमारे ११०० ग्रॅम होते. ते अंगावर वागविणे म्हणजे वीट वागविण्यासारखेच. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी मोबाइलवरून पहिले बोलणे झाले, तोवर यंत्र पुष्कळ हलके झाले होते. पुढे ते अधिक हलके झाले खरे, पण त्याची काच मोठी होत गेली, आणि मनगटावर बांधावे तर ते मनगटाहून रुंद. तेव्हा त्याला थैली हवीच.

ती थैली कशी असावी, ह्याचा विचार करताना प्रथम तिच्या जागेचा विचार करावा. रंगाचा आणि नक्षीचा विचार सर्वांत शेवटी. दुकानात नेमके ह्याच्या उलट घडते, ही गोष्ट वेगळी.

बसच्या कंडक्टरचे उदाहरण येथे चांगले उपयोगी पडते. चालत्या बसमध्ये उभे राहून एका हाताने दांडा धरायचा आणि दुसऱ्या हाताने पैसे घ्यायचे, हे त्याचे दिवसभराचे काम. त्याची चामड्याची पिशवी एका खांद्यावरून निघून विरुद्ध बाजूच्या कमरेवर येते. पट्टा असा आडवा घेतला की तो खांद्यावरून घसरत नाही, कारण मान त्याला एका बाजूने अडवून धरते. पिशवी पुढच्या बाजूस, हाताच्या टप्प्यात आणि डोळ्यांसमोर राहते. एकाच खांद्यावर सरळ लटकविलेली पिशवी मात्र खांदा थोडा कलताच निसटते. म्हणून मुलामुलींनी मोबाइलची थैली खांद्याला लावायची झाली, तर पट्टा आडवाच घ्यावा आणि थैली कमरेच्या खाली लोंबणार नाही इतका तो आखूड करावा.

पट्ट्याच्या रुंदीलाही महत्त्व आहे. थैलीचे वजन तेवढेच असले, तरी ते किती जागेवर पसरते ह्यावर खांद्याला होणारा त्रास अवलंबून असतो. पाच मिलिमीटर रुंदीच्या दोरीऐवजी पंचवीस मिलिमीटर रुंदीचा पट्टा घेतला, तर तेच वजन पाचपट जागेवर पसरते आणि दाब एक पंचमांश होतो. बारीक दोरीने खांद्यावर उमटणारा लाल वळ हा ह्याच नियमाचा पुरावा.

अलीकडे मोबाइल गळ्यात अडकविण्याची पद्धत पुष्कळांनी उचलली आहे. तिच्यात एक सोय आहे खरी. थैली सतत डोळ्यांसमोर राहते. पण तिचे दोषही ध्यानात घेतले पाहिजेत. सगळा भार मानेच्या मागच्या बाजूवर येतो. धावताना थैली घड्याळाच्या लंबकाप्रमाणे झुलते आणि छातीवर आपटते. दोरी जितकी लांब, तितका झोका मोठा. सर्वांत मोठा धोका गर्दीत असतो. गळ्यातली दोरी दुसऱ्याच्या पिशवीच्या कडीत, दाराच्या मुठीत किंवा सरकत्या जिन्याजवळ अडकली आणि ती तुटणारी नसली, तर ती गळ्याला फास लावू शकते. ह्यासाठी मानेमागे झटक्यासरशी सुटणारा एक दुवा असलेली दोरीच घ्यावी. शाळेचे ओळखपत्र अडकविण्याच्या काही फितींना असा दुवा असतो. तो दुवा हलकासा ओढला तर सुटू नये, जोराने ओढला तर अवश्य सुटावा. मोबाइल खाली पडला तर फार तर फुटेल; दुसरा मिळतो.

गर्दीच्या गाडीसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे कमर, आणि तीही पुढची बाजू. आपल्या पूर्वजांच्या कशाप्रमाणे थैली कमरेभोवती सपाट बसावी आणि वरून सदरा यावा. तिथे ती झुलत नाही, दिसत नाही आणि कोणी हात लावला तर तत्काळ कळते, कारण पोटावरची त्वचा स्पर्श चटकन ओळखते. तोच पट्टा पाठीमागे फिरविला तर हे सारे गुण नाहीसे होतात. एक लहानशी अडचण मात्र आहे. वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि पश्चिम व मध्य रेल्वेवरील ही दोन उपनगरे एकमेकांजवळ आली. मेट्रोच्या स्थानकात शिरताना सुरक्षा तपासणी होते आणि सदऱ्याखालची थैली काढून दाखवावी लागते. तेव्हा पट्ट्याची पकड एका हाताने उघडता येईल अशी असावी, नाहीतर मागची रांग खोळंबते.

धावण्याचा सराव करणारे लोक मोबाइल दंडाला बांधतात. मैदानावर ते ठीक. गाडीत दंडावरची थैली शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते, आणि हात वर करून कडी धरली की ती आणखीच उघडी पडते. मुलींच्या व स्त्रियांच्या बाबतीत तर निराळाच अन्याय आहे. त्यांच्या पुष्कळशा कपड्यांना शिवणारे खिसे ठेवीतच नाहीत, आणि ठेवले तर त्यात रुमालही धड मावत नाही. कुडता शिवायला टाकताना आतल्या बाजूने एक खोल खिसा लावून देण्यास शिंप्याला सांगितले, तर तो खिसाही थैलीचेच काम करतो. मात्र पातळ कापडाला जड खिसा लावला की कपडा एका बाजूला ओढला जातो. म्हणून खिशाचे वरचे टोक कमरेच्या शिवणीत धरावे लागते.

जागा ठरल्यावर मापाचा प्रश्न येतो, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. दुकानात मोबाइलचे माप म्हणून जो इंचांचा आकडा सांगतात, तो त्याच्या काचेच्या कर्णाचा असतो. लांबीचा किंवा रुंदीचा नव्हे. थैलीसाठी कर्णाचा काही उपयोग नाही. मोबाइल त्याच्या कवचासकट पट्टीने मोजावा. समजा, लांबी १६ सेंटिमीटर, रुंदी साडेसात सेंटिमीटर आणि जाडी एक सेंटिमीटर भरली. आता साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या सपाट पिशवीत हा मोबाइल जाईल काय? जाणार नाही. मोबाइलभोवती सुतळी गुंडाळून मोजली, तर रुंदी दोनदा आणि जाडी दोनदा मिळून तिची लांबी १७ सेंटिमीटर भरते. सपाट पिशवीचा घेर तिच्या रुंदीच्या दुप्पट असतो. म्हणून पिशवी निदान साडेआठ सेंटिमीटर रुंद हवी. सहज सरकण्यासाठी अर्धा सेंटिमीटर अधिक धरला, तर नऊ. घरी शिवायची असल्यास दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी एकेक सेंटिमीटर सोडून कापड अकरा सेंटिमीटर रुंद कापावे. फार सैल पिशवीत यंत्र आतल्या आत आपटते, फार घट्ट पिशवीतून ते काढताना हिसका बसतो. आणि पुष्कळ मोबाइल ह्या हिसक्यानेच पडतात.

थैलीचे तोंड कसे मिटावे, ह्याला तर एक छोटासा इतिहासच आहे. नाडी झाली, टिचबटण झाले, दातांची चेन झाली. त्यानंतरची युक्ती निसर्गाकडून उसनी घेतलेली आहे. पावसाळ्यानंतर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरून आलेल्या मुलांच्या कपड्यांना आघाड्याची टोकदार फळे चिकटलेली असतात. ती काढता काढता बोटे दुखतात. जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये असाच अनुभव आला. आल्प्स पर्वतात फिरून आल्यावर त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना एका झुडपाची काटेरी फळे चिकटली होती. चिडण्याऐवजी त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक काट्याचे टोक बारीक आकड्यासारखे वाकलेले होते आणि ते कापडाच्या धाग्यांच्या फाशांत अडकत होते. एका पट्टीवर आकडे आणि दुसरीवर फासे, अशी जोडी बनविण्यास त्याला पुष्कळ वर्षे लागली. १९५५ मध्ये त्याला ह्या शोधाचे स्वामित्व मिळाले. तीच आजची वेल्क्रोची पट्टी. ती उघडताना ‘चर्रर्र’ असा मोठा आवाज होतो. वाचनालयात हा दोष ठरतो. घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत तोच मोठा गुण, कारण चोराला ती गुपचूप उघडता येत नाही. तिच्या आकड्यांत कापसाचे तंतू व केस अडकले की पकड ढिली होते, म्हणून ती अधूनमधून जुन्या ब्रशाने साफ करावी लागते.

लोहचुंबकाचे झाकण फार सोयीचे वाटते. झाकण नुसते टेकवले की मिटते; पण तितक्याच सहजपणे ते उघडतेही. शिवाय मोबाइलमध्ये दिशा दाखविणारे होकायंत्र असते आणि जवळच्या चुंबकाने त्याची दिशा चुकते. अनोळखी भागात नकाशा पाहत जाणाऱ्याला मग पूर्वेऐवजी भलतीच वाट दिसते. चेन मजबूत असते, परंतु तिचा धातूचा दाता काचेवर घासू नये म्हणून आतून कापडाची पट्टी लावलेली असावी.

आता राहिला पाऊस. मुंबईच्या उपनगरांत पावसाचा विचार न करता घेतलेली थैली म्हणजे छप्पर नसलेले घर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी हजारो माणसे रुळांवरून व रस्त्यांवरून कमरेएवढ्या पाण्यातून घरी निघाली. असा पाऊस रोज पडत नाही. पण जून ते सप्टेंबर ह्या काळात भिजण्याची वेळ कोणावर येणार नाही, असा दिवस क्वचितच जातो. सुती कापड पाणी शोषून घेते. चामडे टिकाऊ आणि रुबाबदार खरे. परंतु पावसाळी हवेत त्यावर बुरशी चढते आणि वारंवार भिजून वाळले की ते कडक होऊन भेगाळते. रेक्झिनवर पाणी ठरत नाही, तरीही आतले यंत्र भिजते. असे का व्हावे? सुईने शिवताना कापडाला जितके टाके, तितकी भोके पडतात. कापड कितीही चांगले असले, तरी पाणी ह्या भोकांतून आत झिरपते. म्हणून ज्या थैलीची शिवण आतून पट्टीने चिकटवून बंद केलेली असते, किंवा जी शिवलेली नसून उष्णतेने सांधलेली असते, तीच खरी जलरोधक. तिचे तोंड चंचीप्रमाणे तीन वेळा दुमडून बंद करण्याची रीत असते, आणि ती रीत सर्वांत भरवशाची आहे.

पाणी केवळ बाहेरूनच येते असे नाही. पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी वातानुकूलित उपनगरी गाडी धावू लागली. अशा थंड गाडीतून दमट फलाटावर उतरले की चष्म्याच्या काचा धुरकट होतात. हवेतील वाफ थंड काचेवर थिजून तिचे थेंब बनतात. मोबाइलच्या काचेचेही तसेच होते. जलरोधक थैली त्याच क्षणी उघडून पुन्हा मिटली, तर ही वाफ आत कोंडली जाते. ती थोडा वेळ मिटलेलीच ठेवावी आणि यंत्र बाहेरच्या हवेइतके कोमट झाल्यावर उघडावी.

उष्णतेचाही विचार हवा. मोबाइलमधील लिथियम-आयन विद्युतघट काम करताना तापतो, आणि विद्युतभारित होताना अधिकच तापतो. जाड थैली गोधडीसारखी असते. ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून विद्युतभारण करताना यंत्र थैलीतून बाहेर काढावे. यंत्राची पाठ फुगलेली दिसली, तर ते दाबून थैलीत कोंबू नये. ते वापरणे थांबवून दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडे द्यावे.

उत्तम थैली असली तरी ती कधी उघडावी हे कळले पाहिजे. गाडीच्या दारात उभे असताना घंटा वाजली, तर ती वाजू द्यावी. पुढच्या स्थानकावर उतरल्यावर किंवा आत जागा मिळाल्यावर उत्तर देता येते. आणि एवढे करूनही मोबाइल रुळांवर पडलाच, तर त्याच्यामागे खाली उतरू नये. स्थानकावरील रेल्वे कर्मचाऱ्यांना किंवा १३९ ह्या क्रमांकावर कळवावे.

उपनगरांतील प्रत्येक स्थानकाबाहेर, पुलाखाली आणि बाजारात अशा थैल्या टांगलेल्या दिसतात. त्यांतील काही चांगल्या असतात, काही नुसत्या दिसायला चांगल्या. पट्टा जेथे थैलीला जोडलेला असतो, ती जागा उलटून पाहावी. तेथे एकच टीप असेल तर ती लवकर उसवते. चौकोनात दुहेरी टीप घालून मधे फुली शिवलेली असेल तर जोड टिकतो. घरी आणल्यावर लगेच मोबाइल तिच्यात घालू नये. प्रथम धुण्याच्या साबणाची एक वडी आत ठेवावी, तोंड मिटावे, थैली अंगावर बांधावी आणि जिन्यावरून चार वेळा चढउतार करावी. मग गादीवर उभे राहून ओणवे व्हावे, थैली उलटी करून झटकावी. वडी बाहेर पडली, तर तोंडाची पकड पुरेशी नाही.

त्यानंतर पावसाची परीक्षा. वडी काढून आत वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा घडी करून ठेवावा, तोंड नीट मिटावे आणि थैली नळाखाली पाच मिनिटे धरावी. बाहेरून पुसून मग उघडावी. कागद कोरडा निघाला तर उत्तम. ओला निघाला, तर ओल कोठे आहे ते पाहावे. घडीची वरची कड भिजली असेल, तर पाणी तोंडातून आले आहे आणि झाकण आणखी एकदा दुमडून पाहता येईल. कडेने सरळ रेघेत ओल असेल, तर ते टाक्यांच्या भोकांतून आले आहे. ती शिवण आतून मेण घासून किंवा चिकटपट्टी लावून बुजवावी आणि दुसरा कोरडा कागद घालून थैली पुन्हा नळाखाली धरावी.